'कोणता कुडा?' : वृक्षौषधींच्या जीवाणुरोधक चाचण्यांची भाषा

वनौषधींच्या रासायनिक वा जीवाणुशास्त्रीय परीक्षणासंबंधी भाषाशास्त्राच्या अध्यापकाने लेखणी चालवावी, हे अनेकांस अनधिकार वाटेल. तो आक्षेप मला एका मर्यादेपर्यंत मान्य आहे. संवर्धनमाध्यम कसे सिद्ध करावे आणि जीवाणूंचा थर त्यावर कसा पसरावा, हे मला शिकविता यावयाचे नाही. परंतु या शाखेतील मराठी प्रबंधसारांश भाषाशुद्धीसाठी माझ्याकडे गेली काही वर्षे येत आहेत, आणि ते वाचताना एक गोष्ट वारंवार ध्यानी येते. या लेखनातील जे दोष प्रथमदर्शनी भाषेचे वाटतात, ते बहुधा भाषेचे नसतात. शब्द सैल पडला की त्यामागील प्रयोगही कोठे तरी सैल पडलेला आढळतो. प्रस्तुत लेखात त्याचेच थोडे विवेचन करावयाचे आहे.

आरंभ एका प्रसंगाने करतो. एका विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधाचा मराठी सारांश मजकडे आणला. कोकणात आव व हगवण यांवर ज्या झाडांच्या साली दिल्या जातात, त्यांपैकी काहींचे निष्कर्ष तिने दोन जीवाणूंवर तपासले होते. कुड्याच्या सालीने दोहोंपैकी एकावरही लक्षणीय परिणाम दाखविला नव्हता. आणि सारांशाच्या शेवटी, कुड्याविषयीचा परंपरागत दावा निराधार ठरतो, असे निःशंकपणे लिहिले होते. मी केवळ एवढेच विचारले, "कोणता कुडा?" ती म्हणाली, "सर, कुडा म्हणजे कुडाच." प्रबंधात एक लॅटिन नाव दिलेले होते, परंतु साल शहरातील काष्ठौषधींच्या दुकानातून घेतलेली होती, आणि ते नाव तिने एका संदर्भग्रंथाच्या सूचीत 'कुडा' या शब्दासमोर पाहून उतरून घेतले होते. म्हणजे झाडाकडून नावाकडे जाण्याऐवजी ती एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे गेली होती. झाड मध्ये कोठेच आले नव्हते.

आता मराठीत 'कुडा' हे एका झाडाचे नाव नाही. पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हिना प्युबेसेन्स. जुन्या ग्रंथांतून आणि औषधसंहितांतून तो होलॅऱ्हिना अँटिडिसेंटेरिका या नावाने येतो. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. याच्या पाल्यापासून एके काळी निळीसारखा रंग काढीत, म्हणून लॅटिनमध्ये 'टिंक्टोरिया' हे विशेषण. याखेरीज नागलकुडा म्हणून तिसरे झाड आहे, ते टॅबर्निमोंटाना वंशातील. तिन्ही एकाच कुलातील, तिन्हींना पांढरा चीक, तिन्हींची फुले पांढरी. साल वाळवून, तुकडे करून गोणीत भरल्यावर त्यांतील भेद ओळखणे हे जाणत्याचे काम आहे.

लोकभाषेने मात्र हा भेद कधी गमावला नव्हता. पांढऱ्या कुड्याच्या बियांस कडू इंद्रजव आणि काळ्याच्या बियांस गोडे इंद्रजव असे आपल्याकडे म्हणतात. औषधाच्या दृष्टीने महत्त्वाची जी गोष्ट, ती या एका विशेषणात सामावलेली आहे. कारण पांढऱ्या कुड्याचा कडूपणा ज्या अल्कलॉइडांचा, तीच त्याच्या गुणाचे मुख्य अधिष्ठान मानली जातात. आणखी एक खूण अशी की, काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोके एकमेकांस चिकटून असतात, तर पांढऱ्याच्या दोन शेंगा सुट्या लोंबतात. वनस्पतिशास्त्राचे ग्रंथही हेच लक्षण देतात.

चरकाच्या कल्पस्थानात वत्सककल्प नावाचा अध्याय आहे; वत्सक म्हणजे कुटज, आपला कुडा. तेथे वत्सकाचे पुरुष आणि स्त्री असे दोन भेद सांगितले आहेत: एक मोठ्या फळांचा, पांढऱ्या फुलांचा, स्निग्ध पानांचा, दुसरा सावळा, अरुण फुलांचा, बारीक फळांचा. यांतील पहिला म्हणजे पांढरा कुडा आणि दुसरा म्हणजे काळा, असा अर्थ पुष्कळ अभ्यासक लावतात. हे समीकरण सर्वस्वी निर्विवाद आहे असे मी म्हणणार नाही. परंतु दोन कुडे आहेत आणि ते वेगळे ओळखावयाचे आहेत, ही जाणीव संहिताकाराला होती, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते. याच अध्यायात वत्सकाचा उपयोग वमनासाठी सांगितलेला आहे, हेही सहज नमूद करावेसे वाटते. 'चरकात कुड्याचा उल्लेख आहे' या एका वाक्यावर अतिसाराचा आधार उभारणाऱ्यांनी तो उल्लेख कोणत्या संदर्भात आहे, हे पाहण्याची तसदी घेतलेली नसते.

युरोपीय विद्येने या नामप्रकरणात जो घोळ घातला, तो तर भाषाभ्यासकाने आवर्जून पाहावा असा आहे. लिनियसने १७५३ साली नेरियम अँटिडिसेंटेरिकम, म्हणजे 'आवेवरील कण्हेर', असे नाव एका वनस्पतीस दिले. आजच्या वर्गीकरणात ते नाव सिंहलद्वीपातील एका झुडपाकडे जाते. त्याचे आजचे नाव राइटिया अँटिडिसेंटेरिका, आणि शोभेचे झुडूप म्हणून ते आता रोपवाटिकांतून सर्रास विकले जाते. परंतु हे नाव पुढे दीर्घकाळ मलबारच्या औषधी कुड्यासही लावले जात राहिले. रॉबर्ट ब्राउन याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी राइटिया आणि होलॅऱ्हिना हे दोन वंश वेगळे केले, तरी व्यवहारातील गोंधळ मिटला नाही. १८५८ साली मुंबईत हेन्स याने कुड्याच्या सालीतून एक अल्कलॉइड वेगळे केले, ते 'कोनेसिन' या नावाने प्रसिद्धीस आले. १८६४ साली स्टेनहाउस याने बियांतून तेच द्रव्य काढले आणि त्यास 'राइटिन' असे नाव दिले; कारण ज्या झाडाच्या बिया आपल्या हाती आहेत ते राइटिया, अशी त्याची समजूत होती. वस्तुतः द्रव्य होलॅऱ्हिनाचे होते. रासायनिक कोशांत कोनेसिनच्या पर्यायनामांत 'राइटिन' आजही आढळते. एका चुकीच्या ओळखीचा हा जीवाश्म रसायनशास्त्राच्या शब्दसंग्रहात अद्याप शिल्लक आहे. आणि भलत्या झाडाची साल कुड्याची म्हणून गेल्यामुळे त्या काळी विलायतेत या औषधाची पत उतरली, हेही ब्रिटिश काळातील औषधिग्रंथांनी नोंदवून ठेवले आहे. आमच्या विद्यार्थिनीने त्याच घटनेची लहान प्रमाणावर पुनरावृत्ती केली नसेल कशावरून?

मी तिला उरलेली साल आणावयास सांगितले. साल उरलेली नव्हती. शुष्क नमुना कोणत्याही संग्रहात ठेवलेला नव्हता. प्रबंध स्वीकृत झाला होता. 'परंपरागत दावा निराधार' हे विधान खरे की खोटे, हे आता कोणासही सांगता यावयाचे नाही. कारण ते कोणत्या झाडाविषयी आहे हेच सांगता येत नाही. खोटे विधान निदान खोडून तरी काढता येते.

नामाचा प्रश्न कुड्यापुरता नाही. देशावर 'लिंब' म्हणजे कडुनिंब. परंतु बकाणनिंब हे वेगळ्या वंशातील झाड आहे, आणि कढीलिंबाचा तर कुलाशीही संबंध नाही. 'सादडा' हा शब्द काही भागांत ऐनास लावतात, आणि 'अर्जुनसादडा' म्हणजे अर्जुन. दोन्ही टर्मिनालिया वंशातील, दोन्हींची साल बाजारात येते. 'अर्जुन' म्हणून काय तपासले गेले, हा प्रश्न येथेही उभा राहतोच.

आता चाचणीच्या भाषेकडे वळू. या प्रबंधांतून 'अर्क' हा शब्द सर्वत्र वापरलेला दिसतो. मूळचा हा शब्द अरबी. त्याचा अर्थ घाम, आणि त्यावरून ऊर्ध्वपातनाने थेंबथेंब मिळणारा द्रव. वैद्यकातही अर्क म्हणजे ऊर्ध्वपातित द्रव्यच. सालीची पूड मिथेनॉलमध्ये भिजवून, गाळून, आटवून जे उरते, ते या अर्थाने अर्क नव्हे. (संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य आणि रुई हेही आहेत, ती अडचण वेगळीच, 'अर्काचा अर्क' असे एक शीर्षक मी प्रत्यक्ष पाहिले आहे.) 'निष्कर्ष' हा शब्द त्यातल्या त्यात बरा, मात्र मग प्रबंधाच्या अखेरच्या प्रकरणास दुसरे नाव शोधावे लागते. परंतु शब्दापेक्षा महत्त्वाचे ते त्याआडचे विस्मरण. परंपरेने कुड्याची साल मिथेनॉलात कधीही भिजविली नाही. वैद्यकात कषायकल्पना पाच सांगितल्या आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. शार्ङ्गधराच्या मते क्वाथासाठी द्रव्याच्या सोळापट पाणी घालून ते अष्टमांश उरेपर्यंत आटवावे. आपला 'काढा' हा शब्द या क्वाथाचाच वंशज. कढणे, कढी आणि काढा हे एकाच धातूचे. या पाच कल्पनांतून निघणारे द्रव्यसमूह एक नसतात. काही द्रव्ये उकळीने नष्ट होतात, काही उकळल्यावाचून पाण्यात उतरतच नाहीत. मिथेनॉल-निष्कर्ष तपासण्यास कोणतीच हरकत नाही. ते उत्तम रसायनशास्त्र होऊ शकेल. परंतु त्याच्या निकालावरून परंपरेस प्रमाणपत्र देणे किंवा तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे, ही दोन्ही कृत्ये सारखीच अन्यायाची आहेत.

याचे सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण चीनचे आहे. झाड नव्हे, झुडूपवजा वनस्पती; जीवाणू नव्हे, हिवतापाचा परोपजीवी; तरी बोध येथेही लागू पडतो. चौथ्या शतकातील वैद्य गे हुंग याच्या ग्रंथात छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस घ्यावा असे सांगितले आहे. उकळण्याचा तेथे निर्देश नाही. तू योयो यांनी १९७१ साली हा मजकूर पुनः वाचला तेव्हा, उष्णतेने गुण नाहीसा होत असावा, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी कमी तापमानास उकळणाऱ्या ईथरने निष्कर्षण केले, आणि त्या मार्गाने आर्टेमिसिनिन हाती लागले. २०१५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. छिंगहाव म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, हा नामनिश्चितीचा प्रश्न तेथेही सोडवावा लागला होता. प्राचीन वाक्यातील क्रियापद लक्षपूर्वक वाचण्याची ही फलश्रुती आहे, असे भाषेच्या अभ्यासकाने अभिमानाने म्हटले तर त्यास क्षमा असावी.

दुसरा शब्द 'जीवाणुघ्न'. संस्कृतात 'घ्न' हा हन् धातूचा. ठार मारणारा, एवढाच त्याचा अर्थ. तबकडीवर निष्कर्षाभोवती जी स्वच्छ वर्तुळाकार जागा दिसते, ती जीवाणू मेले म्हणून दिसते की केवळ वाढले नाहीत म्हणून, हे त्या वर्तुळावरून कळत नाही. ते कळण्यासाठी त्या जागेतील अंश नव्या माध्यमावर नेऊन पाहावा लागतो, आणि आम्ही वाचलेल्या बहुतेक प्रबंधांत तो नेलेला नाही. तेव्हा 'जीवाणुरोधक' म्हणावे. 'घ्न' हा प्रत्यय मिळविण्यासाठी आणखी एक प्रयोग करावा लागेल. याच्या जोडीला 'कृमिघ्न' हा शब्द उसना आणून चरकास जीवाणुशास्त्राचा आद्य प्रवर्तक ठरविण्याची हौस काहींना असते. चरकाने रक्तज कृमींपैकी काही सूक्ष्मत्वामुळे अदृश्य असतात असे म्हटले आहे, हे खरे. परंतु 'कृमी' ही त्याची संकल्पना वेगळ्या शास्त्राच्या चौकटीतील आहे. गंमत अशी की, ज्या कडुनिंबासाठी हा खटाटोप चालतो, तो चरकाच्या कृमिघ्न महाकषायातील दहा द्रव्यांत नाहीच. तो कंडूघ्न गणात आहे, आणि कुटजही त्याच गणात आहे. कंडू म्हणजे खाज. आपण कोणता गुण शोधावयास निघालो आणि ग्रंथाने कोणता सांगितला होता, हे एकदा ताडून पाहावयास हवे.

वर्तुळाच्या व्यासाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. व्यास मोठा म्हणजे गुण अधिक, असे समीकरण या लेखनात गृहीत धरलेले असते. पण निष्कर्षातील द्रव्य त्या ओलसर माध्यमात कितपत पसरते यावर व्यास अवलंबून असतो. मोठ्या रेणूंची द्रव्ये हळू पसरतात, तेलकट द्रव्ये जवळजवळ पसरतच नाहीत. शिवाय मात्रा. मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम या प्रमाणातील द्रावण १०० मायक्रोलिटर घातले, तर खाचेत १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम निष्कर्ष पडतो. शेजारी तुलनेसाठी ठेवलेल्या जेंटामायसिनच्या चकतीत १० मायक्रोग्रॅम असतात. हजारपट मात्रा देऊन मिळालेला व्यास चकतीच्या व्यासाशी 'तुल्य' आहे, असे वाक्य मी एकाहून अधिक ठिकाणी वाचले आहे. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष होते. रिओस आणि रेसिओ यांनी २००५ साली या क्षेत्राचा आढावा घेताना, मिलिलिटरला १ मिलिग्रॅमहून अधिक प्रमाण लागत असेल तर निष्कर्षाची तशी क्रिया गणनेत धरू नये आणि १०० मायक्रोग्रॅमच्या आत दिसणारी क्रियाच लक्षणीय मानावी, असा निकष सुचविला होता. न्यूनतम रोधक प्रमाण काढण्याची सोपी सूक्ष्म-तबकडी पद्धती इलोफ यांनी १९९८ सालीच मांडलेली आहे. साधनांचा अभाव हे कारण, तेव्हा, फारसे टिकणारे नाही.

त्यातही झाडांच्या साली म्हटल्या की टॅनिने आलीच. बाभूळ, खैर, अर्जुन, ऐन, जांभूळ या सर्वांच्या साली तुरट. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात ते याच गुणामुळे. टॅनिन प्रथिनांना बांधते, मग ते कातड्यातील असो, लाळेतील असो वा जीवाणूचे असो. पुरेशी दाट मात्रा दिली तर बहुतेक तुरट साली काही ना काही रोध दाखवितात. अशा वेळी निकालाने विशिष्ट झाडाचा गुण सिद्ध होत नाही. 'तुरट' या मराठी शब्दाचा अर्थ तेवढा सिद्ध होतो. टॅनिने काढून टाकून चाचणी पुनः केली काय, हा परीक्षकाचा पहिला प्रश्न असावा.

पुनः कुड्याकडे येतो, कारण तेथेच प्रकरणाचे मर्म आहे. समजा, साल खरोखरच पांढऱ्या कुड्याची होती. तरीही निकालातून तो निष्कर्ष निघत नाही. 'आव' हा शब्द 'आम'पासून आला. रोग्याला काय दिसते त्याचे ते नाव आहे, रोग कशाने होतो त्याचे नव्हे. ज्यास लोक एकच आव म्हणत, तिची किमान दोन स्वतंत्र कारणे नंतर सापडली: १८७५ साली लॉश याने वर्णिलेला अमीबा आणि १८९७ साली शिगा याने शोधलेला दंडाणू. कोनेसिनची ख्याती आहे ती अमीबावरील औषध म्हणून. जीवाणूंच्या तबकडीवर अमीबाची चाचणी होत नाही. शिवाय २०१७ साली थायलंडमधील संशोधकांच्या एका गटाने दाखवून दिले की, स्यूडोमोनस एरुजिनोसा हा जीवाणू प्रतिजैविके ज्या पंपांनी पेशीबाहेर फेकतो, त्या पंपांना कोनेसिन अडथळा करते आणि त्यामुळे प्रतिजैविकांचा परिणाम वाढतो. म्हणजे एकट्याने निष्प्रभ दिसणारे द्रव्य दुसऱ्याच्या सोबतीने प्रभावी ठरू शकते. जेथे औषध बहुधा अनेक द्रव्ये मिळून दिले जाते, तेथे या शक्यतेकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. उलटपक्षी, तबकडीवर उत्तम वर्तुळ देणारे द्रव्य पोटात गेल्यावर शोषलेच जात नाही किंवा विषारी ठरते, असेही घडते. तेथे 'परंपरा सिद्ध झाली' म्हणून आनंद मानणारे लेखन मला तितकेच उथळ वाटते.

या प्रकारच्या संशोधनाची खिल्ली उडविण्याचा माझा हेतू नाही. इंग्लंडमध्ये ओसबोर्न यांनी १९४३ साली सुमारे २३०० वनस्पती अशाच रीतीने चाळल्या होत्या. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेच्या भारतीय वनस्पतींच्या चाळणीचा पहिला भाग १९६८ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या चाळणीला स्थूलपणा शोभतो. तिचे काम पुढे काय पाहावे हे सांगण्याचे असते. चार साली घेऊन बसलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला तो शोभत नाही. त्याचे बळ सूक्ष्मतेत आहे, आणि ती सूक्ष्मता त्याच्याकडे आयती असते. कारण तो त्या गावची भाषा जाणतो.

त्या विद्यार्थिनीची टिपणवही मी मागून घेतली, तेव्हा हे विशेषच जाणवले. कोकणातील ज्या वृद्ध बाईंकडून तिने माहिती घेतली होती, त्यांनी सांगितलेले एक वाक्य वहीत होते: शेंगांची टोके एकमेकांना धरून राहतात तो कुडा घ्यावयाचा नाही; आणि साल चाखून पाहावी, कडू लागली पाहिजे. प्रबंधात हे वाक्य नव्हते. मार्गदर्शकांनी ते 'शास्त्रीय नाही' म्हणून गाळावयास सांगितले होते. संपूर्ण प्रबंधात वनस्पतीची ओळख पटविणारी जर कोणती एक ओळ असेल, तर ती हीच होती. बाईंनी जे सांगितले ते वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथाशी अक्षरशः जुळते. आणि त्यांचे ज्ञान तपासावयास निघालेल्या प्रयोगात त्यांचीच सूचना पाळली गेली नव्हती.

तेव्हा माझी सूचना लहान आहे. अशा प्रत्येक प्रबंधात चाचणीच्या कोष्टकांपूर्वी एक पान नामांसाठी असावे. सांगणाऱ्याने उच्चारलेले नाव त्याच्या बोलीत जसेच्या तसे. त्याने सांगितलेल्या खुणा त्याच्याच शब्दांत. झाड कोठे उभे आहे, कोणत्या महिन्यात, झाडाचा कोणता भाग घेतला. औषध कसे करतात, त्यातील क्रियापदासह. आणि संग्रहात ठेवलेल्या शुष्क नमुन्याचा क्रमांक. वनस्पतिशास्त्र आणि भाषा या दोन्ही विभागांतील एकेका अध्यापकाने ते पान पाहून सही करावी. या कामास एक दुपार पुरेल.

विद्यार्थिनी आता अन्यत्र नोकरीस आहे. गेल्या महिन्यात तिचे पत्र आले. शेंगा झाडावर असतात त्या दिवसांत, हिवाळ्याच्या सुटीत, ती पुनः त्या गावी जाणार आहे. सोबत वनस्पतिशास्त्राची एक मैत्रीण असेल. या खेपेस साल दुकानातून घ्यावयाची नाही, असे तिने लिहिले आहे, आणि पत्राच्या शेवटी विचारले आहे की, 'गोडा' इंद्रजव खरोखरच गोड असतो, की नुसताच कडू नसतो, म्हणून त्यास गोडा म्हणतात? मी तिला उत्तर पाठविले आहे की चाखून पाहावे आणि मला कळवावे.